उद्या नदी

आत्या,

उद्या नदी आहे. सकाळी चहा गाळता गाळता मी एवढंच म्हणाले आणि घरात जो दंगा उसळला तो अजून ओसरलेला नाही. मामांनी टेम्पो विकून सहा वर्षं झाली, तरी भाड्याच्या टेम्पोवाल्याला हौदा झाडून आणायची सूचना त्यांनी फोनवरून तीनदा दिली. तुमचा लेक पुण्याहून दोन दिवस सुट्टी काढून आलाय, तो लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून माळ्यावर चढलाय आणि वाकळी एकेक करून खाली टाकतोय. तुमची नात आता पंधरा वर्षांची आहे. ती खाली उभी राहून झेलतेय आणि प्रत्येक वाकळ अंगावर आली की किंचाळतेय. मी भोपळा किसतेय. म्हणजे किसत होते. आता किसणी बाजूला सारून लेकीच्या जुन्या वहीचं पान फाडलं आणि ओट्याशीच लिहायला उभी राहिले, कारण मला एका जागी बसवेना आणि जे सांगायचंय ते ऐकायला तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही.

मी या घरात आले ती ब्याण्णवच्या मे महिन्यात. सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणायचं, एवढं शिकवून आईने मला हातकणंगल्याहून पाठवलं होतं. बाकीचं तुम्ही शिकवायचं होतं आणि तुमचा शिकवायचा सूर म्हणजे निम्मं उचगाव ऐकेल असा. पहिला पावसाळा मला फार जड गेला. आपल्या तीन खोल्यांत कपडे वाळत नव्हते, पापड मऊ पडले होते, काड्यापेटी चुलीच्या वर ठेवली तरी पेटत नव्हती आणि पांघरायच्या वाकळींना असा कुबट वास येत होता की मी नाकावर पदर घेऊन झोपायचे. माझ्या माहेरी दोन कांबळी होती, त्यामुळे अकरा वाकळी असलेलं घर मला श्रीमंत वाटायचं, पण वासाचं काय करायचं ते कळेना. एकदा धीर करून विचारलं तर तुम्ही म्हणालात, "दम धर की जरा. पावसाला जाऊ दे. मग बघ नुसती गंमत."

गंमत म्हणजे काय हे मला भाद्रपद सरताना कळलं. त्या सकाळी तुम्ही चहाच्याही आधी उठून परड्याचं दार उघडलंत. पावसाळाभर फुगून बसलेलं, खांदा लावल्याशिवाय न हलणारं ते दार एका हाताने मागं गेलं. फळीवरची मिठाची बरणी काढून आत बोटं घातलीत आणि मीठ चिमटीतून खाली सोडलंत. ते सुटं सुटं पडलं. मग परड्यात जाऊन, भोपळ्याचा वेल चढला होता त्या पत्र्याखाली उभं राहून, कपाळावर हात धरून लांब जोतिबाच्या डोंगराकडे बघत राहिलात. मीही मागं येऊन बघितलं. चार महिने तिकडे डोंगर आहे हेच मला कोणी सांगितलं नव्हतं, नुसता पांढरा पडदा होता. आणि आता तो असा समोर, त्याच्या कडा मोजाव्यात इतका साफ. दार, मीठ आणि डोंगर, तिघांनी होकार दिला की तुमचं ठरायचं. तुम्ही वळलात, मला बघितलंत आणि घराकडे तोंड करून हाळी दिलीत, "उठा रं! उद्या नदी!"

आत्या, तुम्हाला ठाऊक आहे का मी त्या दिवशी किती हरखले होते? वीस वर्षांची होते, घरात नवी होते, हसावं की नाही याचीही भीती वाटायची, आणि अचानक सगळं घर लहान पोरांसारखं धावायला लागलं. मामांनी शाहूपुरीतलं दुसऱ्या दिवशीचं भाडं रद्द केलं. तुमच्या लेकाने कारखान्यात सुट्टी टाकली, तोवर तो मला कामाशिवाय बोलत नव्हता, पण त्या दिवशी धुण्याचा सोडा आणायला मला सायकलवर डबल सीट घेऊन गेला. तुम्ही पत्र्यावर चढून सगळ्यात मोठा भोपळा उतरवलात आणि घाऱ्या करायला घेतल्यात. गूळ विरघळताना मी वाकून वास घेतला तर म्हणालात, "वासावरच पोट भरशील व्हय गं?" आणि अंघोळीच्या पाण्याचा हंडा घासून त्यात ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायला टाकल्यात. नव्या शेंगांचा तो वास, चिखलाचा आणि गोडसर, माझ्या माहेरच्या रानाचाच होता, पण तिथे तो मजुरीचा वास होता. माझी आई शेंगा उपटायला जायची दुसऱ्याच्या रानात. शेंगा खायला म्हणून कुठे जायचं असतं हे मला तुमच्याकडे कळलं.

टेम्पो वाकळींनी गच्च भरला, वर आपण बसलो आणि शाहूपुरीतून निघालो तेव्हा मामांच्या ओळखीचा एक दुकानदार पायरीवरून ओरडला, "काय पावणं, घर सोडून निघालाय काय?" तुम्ही वरूनच ओरडलात, "घर धुवाय निघालोय! येतोस का?" सगळा रस्ता हसला आणि मी लाजून वाकळीत तोंड लपवलं, त्या कुबट वासासकट. पंचगंगेचं तांबडं पाणी निवळून हिरवट झालं होतं आणि घाटावर आधीच पाचपन्नास बायका धोपाटण्याने बडवत होत्या, तो आवाज पुलाच्या अलीकडूनच ऐकू येत होता. नवरात्राच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, हे तर सगळं कोल्हापूर करतं. पण तुमच्यासारखा त्याचा सण कोणी करत नव्हतं. तुम्ही शिवलेली प्रत्येक वाकळ तुम्ही नावाने ओळखायचात, ही लेकाच्या बारशाची, ही मामांच्या सदऱ्यांची, ही तुमच्या आईच्या लुगड्यांची. पायांनी तुडवायची, बडवायची, मग दोन टोकं दोघांनी धरून पिळायची. मी आणि तुमचा लेक पिळत होतो, तो उलट्या दिशेने पिळायचा मुद्दाम, आणि मी दोनदा पाण्यात बसले.

नियम एकच होता आणि तो मला कोणी सांगितला नव्हता. शेवटची वाकळ वाळत पडल्याशिवाय हंड्याला हात लावायचा नाही. मला भूक अनावर झाली होती. तुम्ही पाठमोऱ्या आहात असं बघून मी झाकण सरकवलं, एक शेंग काढली आणि फोडली. तो टक् असा आवाज तुम्ही एवढ्या बडवाबडवीतून ऐकलात! येऊन माझ्या मनगटावर चापट मारलीत आणि चारचौघींत म्हणालात, "सगळ्यांच्या अंगावरचं वाळत पडूदे. मग एका टायमाला खायाचं. एकट्यानं खाल्लेलं गोड लागत न्हाय." माझे डोळे भरून आले होते. मग अकरावी वाकळ उतारावर पसरली, आपण सगळे तिच्या कडेला बसलो, भाकरी, झुणका, घाऱ्या आणि मधोमध शेंगांचा ढीग, आणि पहिली मूठ तुम्ही माझ्या ओंजळीत घातलीत. ऊन किती छान होतं ते. अंगाला लागत होतं पण भाजत नव्हतं. डोक्यावर चतुर भिरभिरत होते, पाणी चमकत होतं आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे माझं घर आहे.

तिथून पुढे दरवर्षी मी त्या दिवसाची वाट बघायला लागले, दिवाळीपेक्षा जास्त. माहेरी गेले की आईला सांगून सांगून भंडावायचे. ती शेंगा तोडता तोडता ऐकायची आणि म्हणायची, "बरं हाय बाय तुझं. धुणं धुवाय टेम्पोनं जातीस." तिने आयुष्यात कधी कामाशिवाय घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

आणि मग तुमचे डोळे. तुम्ही कोणाला बोलला नाहीत, पण मला कळलं होतं. सुईत दोरा ओवायला तुम्ही मला हाक मारायला लागलात, तेही असं की जणू माझी परीक्षा घेताय. पंचाण्णवपासून परड्यात उभं राहून तुम्ही डोंगराकडे तोंड करायचात, कपाळावर हातही धरायचात आणि मग सहज विचारल्यासारखं म्हणायचात, "दिसतोय का गं?" मी बघून खरं ते सांगायचे. दिसत नसला तर "नाही आत्या", दिसला तर "दिसतोय, लख्ख." तेवढ्यावर तुम्ही वळून हाळी द्यायचात. दवाखान्याचं नाव काढलं की तुम्ही अंगावर यायचात, म्हणून मीही गप्प राहिले. घरात बाकी कोणाला पत्ता नव्हता की अकरा वाकळींचा दिवस आता माझ्या डोळ्यांवर ठरतोय. मला त्याचा केवढा अभिमान होता!

सत्त्याण्णवला आई आली. तिच्या नातीला तीन वर्षं झाली होती आणि लेकीच्या घरी राहायला म्हणून ती पहिल्यांदाच आली होती, डोक्यावर ओल्या शेंगांचं पोतं घेऊन. चार दिवस. रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत, कारण सोमवारपासून काढणीची मजुरी होती आणि ती बुडवायला ती तयार नव्हती. मी रोज उठून डोंगर बघायचे. गुरुवारी नव्हता. शुक्रवारी नव्हता. शनिवारी सकाळी तुम्ही परड्यात उभ्या राहिलात, आई चुलीशी बसून तुमच्याकडे बघत होती, आणि तुम्ही विचारलंत, "दिसतोय का गं?"

समोर पांढरा पडदा होता. मी म्हणाले, "दिसतोय की आत्या. लख्ख."

तुम्ही माझ्याकडे मान वळवलीत, मग चुलीकडे, आणि म्हणालात, "मिठाची बरणी दे." मी दिली. तुम्ही मूठभर मीठ काढून हंड्यात टाकलंत आणि हाळी दिलीत, "उद्या नदी! पावणीला बी घ्या!"

त्या रविवारची गोष्ट घरात अजून सांगतात. सकाळी ऊन होतं, मी मनात देवाचे आभार मानत होते. आईला तुम्ही धोपाटणं दिलंत आणि तिने असं काही बडवलं की शेजारच्या बायका थांबून बघायला लागल्या. दुपारी वाकळी पसरतोय तोच जोतिबाच्या अंगाने काळं आलं आणि बघता बघता आभाळ कोसळलं. ओल्याचिंब वाकळी एकेक मणाच्या झालेल्या, त्या ओढत आपण टेम्पोत भरल्या आणि ताडपत्रीखाली सगळे दाटीवाटीने बसलो. एकही वाकळ वाळली नव्हती. आणि तुम्ही, नियम करणाऱ्या तुम्हीच, हंड्याचं झाकण काढलंत आणि पहिली मूठ माझ्या आईच्या ओंजळीत घातलीत. "खावा वो इहीणबाई. वाळतील कवा वाळायच्या तवा." आईने घारी तोंडात घातली, वरून ताडपत्रीतलं पाणी नेमकं तिच्या मानेवर पडलं आणि ती हसायला लागली. थांबेचना. तिला हसताना मी बघितलं होतं, पण असं डोळ्यांतून पाणी येईतो नाही. "आगं, भिजलो की समदी!" म्हणायची आणि पुन्हा हसायची. तुमची नात तिच्या मांडीवर टाळ्या पिटत होती. आणि तुम्ही न दिसणारे डोळे तिच्याकडे लावून ऐकत बसला होतात.

आई संध्याकाळच्या गाडीने गेलीच नाही, रस्ते तुंबले होते. ती सकाळी गेली, आणि मजुरीचा अर्धा दिवस बुडाल्याची हळहळही तिने केली नाही. पण घरी आल्यावर पांघरायला काही नाही म्हणून तुमचा लेक वैतागला तेव्हा तुम्ही ट्रंक उघडून दोन कोरड्या वाकळी काढल्यात, तुमच्या आईच्या लुगड्यांची आणि एक जुनी उसवून शिवलेली नातीची. एक माझ्या आईला दिलीत, एक पोरीच्या अंगावर घातलीत. "ह्या दोन ऱ्हायल्याच की न्यायच्या. विसरलो बघ." मला इतकंच वाटलं, बरं झालं. बाकीच्या नऊ वाळायला सहा दिवस लागले. सहा दिवस मामा आणि तुमचा लेक तुम्हाला चिडवत होते. म्हातारीचं यंत्र बिघडलं, पुढच्या वर्षी बातम्या बघून ठरवू, असं काय काय. मी खाली मान घालून भाकरी थापत होते. तुम्ही फक्त म्हणालात, "व्हय, चुकला अंदाज. माणूस हाय, चुकतंय." आत्या, तेव्हा एकदा तोंड उघडायला हवं होतं. माझी चूक तुम्ही तुमच्या नावावर घेतलीत आणि मी घेऊ दिली. नंतर तीन वर्षं तुम्ही मला डोंगर विचारलात आणि मी तिन्ही वर्षं इतकं खरं सांगितलं की दिसत असला तरी दोनदा बघायचे. मग दोन हजार एकच्या श्रावणात, नदीचा दिवस यायच्या आधीच, तुम्ही गेलात. ते सांगायचं राहून गेलं ते गेलंच.

आता नदीवर जात नाही आम्ही. पाणी खराब होतं म्हणून नातीने शाळेतून येऊन मला भाषण दिलं, आणि ते खरंच आहे. पलीकडच्या मळ्यात पाण्याच्या मोटारीवर धुतो, पण नाव नदीच. डोंगरही परड्यातून दिसत नाही, मध्ये तीन मजली इमारत उभी राहिली. म्हणून मी दरवर्षी पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढते. यंदा घोटा मुरगळलाय. आज सकाळी शिडीखाली उभं राहून लेकीला वर पाठवलं आणि विचारलं, "दिसतोय का गं?"

ती अजून तिसऱ्या पायरीवर होती. इमारतीच्या वर तिचं डोकंही गेलं नव्हतं. "दिसतोय की आई! लख्ख!"

मी वर बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीतून आत बघितलं, जिथे तिचे पप्पा चहाची वाट बघत बसले होते. कारखाना बंद पडल्यापासून ते पुण्याला असतात. सोमवारी परत जाणार. आणि त्या एका शब्दात, त्या "लख्ख"मध्ये, आत्या, मला माझाच आवाज ऐकू आला. इतका स्पष्ट की मी शिडीला धरून उभी राहिले. जिला डोळे आहेत तिला फसवता येईल एखाद वेळी. जी नुसती आवाजावर घर चालवत होती तिला मी काय फसवणार होते? त्यावर तुम्ही बरणी मागितलीत. त्या शनिवारी मीठ ओलं होतं, गोळा होऊन बसलं होतं, मीच चमच्याने खरवडून द्यायचे. तुम्ही हात घातला होता त्यात. दारही अडत होतं. आणि अकराच्या अकरा वाकळी बोटांनी मोजून टेम्पोत चढवणारी बाई दोन वाकळी विसरते होय? मला बारा वर्षं लागली हे कळायला. पाऊस येणार हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही माझ्या आईला तो दिवस दिलात, आणि सहा दिवस सगळ्यांचं चिडवणं ऐकून घेतलंत.

मी आत येऊन बरणी उघडली. मीठ ओलसर आहे. दार अजून जरासं अडतंय. चहा गाळायला घेतला आणि म्हणाले, उद्या नदी.

आता लिहिते ते, जे तेव्हाच बोलायचं होतं. आत्या, त्या दिवशी डोंगर दिसत नव्हता. मी खोटं बोलले होते. हे तुम्हाला माहीत होतं हे आज कळलं, तरी माझ्या तोंडून तुम्ही ऐकलेलं नव्हतं, म्हणून लिहिलं. हा कागद कुठे पाठवायचा? घडी करून तुमच्या आईच्या लुगड्यांच्या वाकळीत ठेवतेय. ती वाकळ आणि लेकीची, या दोन मी आताच कपाटात वरच्या फळीवर सारल्या. शेंगांना उकळी आलीय, सगळ्या घरात वास भरलाय, आणि ती दारात गठ्ठ्यासमोर उभी राहून बोटांनी मोजतेय.

"आई, अकरा होत्या ना? ह्या नऊच कशा?"

विसरले बघ, म्हणाले.